क्लासचालकांनो, तिशीतल्या विद्यार्थ्याचा हिशेब वेगळा मांडा

सांगली, मिरज, कुपवाड, कराड आणि सातारा परिसरात सॉफ्टवेअरचे क्लास, अकादमी आणि बूटकॅम्प चालवणाऱ्या सर्वांना, तसंच पुण्याहून इथे सेमिनार घ्यायला येणाऱ्यांना,

स. न. वि. वि.

सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यापासून साताऱ्याच्या पोवई नाक्यापर्यंत तुमच्या फ्लेक्सवरचा मजकूर जवळपास सारखाच असतो. फुल स्टॅक, डेटा सायन्स, क्लाउड. खाली मुलामुलींचे फोटो, फोटोखाली पॅकेज, आणि कोपऱ्यात ‘कोणत्याही शाखेचा, कोणत्याही वर्षाचा पदवीधर चालेल’. आम्ही याच भागातले, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे आणि मुलाखती घेणारे. आमचा आक्षेप या शेवटच्या ओळीला आहे. असा पदवीधर तुमच्या क्लासला चालतो. नोकरीच्या बाजारात तो चालतोच असं नाही, आणि हे तुम्हाला आमच्याइतकंच माहीत आहे.

तुमच्या एकाच बॅचमध्ये दोन प्रकारची माणसं बसतात. एक, यंदाच पास झालेला बावीस वर्षांचा मुलगा. दुसरा तिशीतला: कुपवाड एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये आठ वर्षं काढलेला इंजिनिअर, सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, शिकवून थकलेली प्राध्यापिका, एमपीएससीचा नाद सोडलेला उमेदवार, पतसंस्थेतला क्लार्क. पहिल्याचे फार तर सहा महिने जातात. दुसऱ्याचा चालू पगार जातो, आणि घरात शाळेची फी भरायची असते. दोघांना फी एक, बॅच एक आणि आश्वासनही एकच. आमची मागणी एवढीच, की या दुसऱ्या माणसाकडून पैसे घेण्याआधी त्याच्यासारख्यांचा हिशेब त्याला वेगळा आणि लेखी द्या. तो हिशेब कसा असावा, हे पुढे लिहितो आहोत. क्लास निवडायला निघालेल्यांनीही हे पत्र खिशात ठेवावं.

सुरुवात पात्रतेपासून. फ्रेशर म्हणजे बिनअनुभवी उमेदवारांसाठी कंपन्या जी भरती मोहीम (ड्राइव्ह) घेतात, तिच्या अटी ठरलेल्या असतात: पदवीचं वर्ष चालू किंवा मागचं, दहावी-बारावी-पदवीला साठ टक्के, बॅकलॉग नको, शिक्षणात मोठा खंड नको. २०१५ साली मेकॅनिकल झालेल्या माणसाचा ऑनलाइन फॉर्म पासिंग इयरच्या रकान्यातच अडतो. त्याला जावा किती येतं हे पाहायची वेळच येत नाही. मग तुमच्या ‘दोनशे कंपन्यांशी टाय-अप’चा त्याला उपयोग काय? सहाव्या महिन्यात प्लेसमेंट सेलकडून ‘सर, या ड्राइव्हला तुम्ही एलिजिबल नाही’ असा मेसेज येतो आणि पुढे नोकरीच्या पोर्टलवरच्या लिंका व्हॉट्सॲप ग्रुपवर पडत राहतात. त्या त्याला फुकटही मिळाल्या असत्या. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच सांगा: मागच्या वर्षी आमच्याकडे इतके ड्राइव्ह आले, त्यांतल्या इतक्यांना तुम्ही बसू शकला असता. ड्राइव्हची यादी तुमच्याकडे असतेच. त्याचा बायोडाटा समोर ठेवून हे मोजायला अर्धा तास लागतो.

आता टक्केवारी. समजा, एका बॅचला ४० जणांनी प्रवेश घेतला. १२ जण मध्येच सोडून गेले, उरले २८. त्यांतले १० मॉक इंटरव्ह्यूमध्ये नापास, म्हणून ‘प्लेसमेंटसाठी अपात्र’. पात्र १८, त्यांतल्या १५ जणांना ऑफर. फ्लेक्सवर येतात ८३ टक्के. प्रवेश घेतलेल्यांत मोजलं तर साडेसदतीस. आता या १५ जणांना काय मिळालं ते पाहा: चौघं कॉल सेंटरच्या सपोर्टला, दोघं बिनपगारी इंटर्न, एक तुमच्याच क्लासमध्ये असिस्टंट ट्रेनर. कोड लिहिण्याच्या नोकरीला लागले ८, म्हणजे २० टक्के. एकाच बॅचबद्दल ८३ आणि २० हे दोन्ही आकडे खरे ठरतात, फक्त भागाकार कशाने केला ते बदलतं. आणि या आठांपैकी पदवीला तीन वर्षांहून जास्त काळ उलटलेले किती? तिशीतल्या माणसाला हाच एक आकडा हवा असतो आणि तोच कुठे छापलेला नसतो. तो शून्य असेल तर शून्य लिहा.

असिस्टंट ट्रेनरचं जरा जास्त सांगायला हवं. नोकरी न लागलेला मागच्या बॅचचा विद्यार्थी पंधरा हजारांवर शिकवायला ठेवायचा, प्लेसमेंटच्या यादीत त्याचं नाव घालायचं आणि पुढची बॅच त्याच्याच हाती द्यायची, ही पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. डेमो लेक्चर घेणारे सर वेगळे असतात, ते पुढे दिसत नाहीत. पूर्ण बॅच कोण शिकवणार, त्यांनी कंपनीत कोणतं काम किती वर्षं केलं आहे, हे प्रवेशपत्रावर नावासकट असावं.

फीबद्दल. फ्लेक्सवर ९० हजार, १८ टक्के जीएसटी धरून पावतीवर १ लाख ६ हजार २००. (जीएसटी घ्यायचा तर पावतीवर जीएसटी क्रमांक हवा. नोंदणी नसेल तर तो कर घेता येत नाही.) एवढे पैसे एकदम नाहीत म्हटलं की समोर टॅब येतो: आधार, पॅन, ओटीपी, ई-नॅच (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी), दहा मिनिटांत काम फत्ते. माणूस समजतो की क्लासची फी हप्त्यांनी भरतोय. प्रत्यक्षात त्याने एका एनबीएफसीकडून, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपनीकडून, कर्ज घेतलेलं असतं. रक्कम एकदम तुमच्या खात्यात जमा होते आणि हप्ते त्याच्या खात्यातून जात राहतात. त्याने दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला किंवा तुम्ही शाखा बंद केली तरी हप्ता थांबत नाही. थकला तर बँकेचा दंड वेगळा, कर्ज कंपनीचा वेगळा, आणि सिबिलवर डाग पडला की चार वर्षांनी घराच्या कर्जाला तो आडवा येतो.

व्याजाचीही गंमत पाहा. १२ टक्के फ्लॅट दराने १ लाख ६ हजार २०० रुपये १२ महिन्यांसाठी घेतले तर व्याज १२ हजार ७४४ आणि हप्ता ९ हजार ९१२. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, व्याज मात्र सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज तुम्ही सोसता, म्हणजे ते फीत आधीच धरलेलं असतं. रोख भरणाऱ्याने तेवढी सूट मागितली तर नाही म्हणू नका.

डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं की फॅक्ट स्टेटमेंट कर्जदाराला मिळालंच पाहिजे, आणि कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची कूलिंग-ऑफ मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार देऊन, फार तर प्रोसेसिंग फी गमावून, दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तुमच्या काउन्सेलरला हे माहीत नसेल तर शिकवा, माहीत असेल तर सांगायला लावा. आमचं म्हणणं त्याहून सोपं आहे: ओटीपी ऑफिसात घेऊच नका. कागद घरी नेऊ द्या, चार माणसांना दाखवू द्या.

‘नोकरी लागल्यावर फी’ हा प्रकार दिसायला उदार असतो. त्यात नोकरीची व्याख्या वाचावी लागते. ठरावीक रकमेच्या वरची कोणतीही नोकरी, असं लिहिलं असेल तर त्याच मशीन शॉपमध्ये बढती मिळाली तरी फी द्यावी लागेल. अमेरिकेत लॅम्डा स्कूल, नंतरचं नाव ब्लूमटेक, याच पद्धतीवर चाललं. वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर कमाई गेली की करपूर्व उत्पन्नाच्या १७ टक्के, २४ हप्ते होईपर्यंत किंवा ३० हजार डॉलर फिटेपर्यंत. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के प्लेसमेंट. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण यंत्रणेने कारवाई केली, तेव्हा बाहेर आलं की संस्थेच्या आतल्या नोंदींत हा आकडा पन्नासच्या आसपास होता आणि काही बॅचचा तीसपर्यंत घसरला होता. संस्थेला ग्राहकांना कर्ज देण्यास कायमची बंदी झाली.

आपल्याकडेही आता मोकळं रान नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांना शिकवणारी केंद्रं त्यांत येतात. नोकरीची हमी देता येत नाही. अभ्यासक्रम, कालावधी, शिक्षकांची पात्रता, फी, परतावा यांबद्दल खोटं लिहिता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती यश मिळाल्यानंतर घ्यावी लागते, प्रवेशाच्या फॉर्ममध्ये आधीच सही घेऊन ठेवलेली चालत नाही. आणि तळटीप मुख्य दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत हवी. तुमच्या फ्लेक्सवर ‘प्लेसमेंट’च्या पुढचं ‘असिस्टन्स’ (नोकरी नाही, फक्त मदत) कोणत्या आकारात असतं, ते एकदा खाली उभं राहून वाचून बघा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पॅकेजचंही असंच. ३ लाख ६० हजार म्हणजे महिना ३० हजार, असं तो घरी सांगतो. मूळ वेतन १५ हजार धरलं तर कंपनीच्या वाट्याचे पीएफचे १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० या ३० हजारांतच मोजलेले असतात. मग त्याच्या स्वतःच्या पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात. हातात जेमतेम साडेपंचवीस. पॅकेजमध्ये दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे दरमहा न मिळता कामगिरीवर ठरणारा हिस्सा, असेल तर साडेबावीस. क्लासचा हप्ता अजून चालू असेल तर साडेबारा हजारांत पुण्यात खोली, मेस आणि महिन्यातून एकदा सांगलीची फेरी. कुपवाडला घरचं जेवून अठ्ठावीस हजार मिळवणाऱ्याला हे गणित आधी कळलं, तरी तो कदाचित येईलच. पण डोळे उघडे ठेवून येईल.

शिकवण्याकडे वळतो. सहा महिने, आठवड्याला पाच दिवस, रोज दोन तास म्हणजे कागदावर २६० तास. गणपती, दिवाळी, सर रजेवर, पहिला आठवडा सगळ्यांच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चढवण्यात. हाती २२० लागले तर नशीब. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ९०० तासांचा आणि पूर्णवेळ असतो, शिवाय त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. २२० तासांत जावा, स्प्रिंग बूट, मायएसक्यूएल, रिॲक्ट, क्लाउड आणि डेटा स्ट्रक्चर्स बसत नाहीत, फक्त त्यांची नावं बायोडाट्यात बसतात. निम्मे विषय काढा. एक भाषा, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा), गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), एक फ्रेमवर्क आणि दुसऱ्याचा कोड वाचून चूक शोधण्याचा सराव एवढं पक्कं झालं तर आम्ही त्याला मुलाखतीला बोलावू. पहिले दोन महिने चॅटजीपीटीला हात लावू देऊ नका. तोंडी मुलाखतीत तीन प्रश्नांत उघडं पडतं.

शिफ्टवाल्यांचा विचार बहुतेक वेळापत्रकांत नसतोच. फिरती पाळी असलेला कामगार संध्याकाळच्या बॅचला तीन आठवड्यांतून एक आठवडा येऊच शकत नाही. लूपचा धडा चुकला की पुढचा ॲरेचा कळत नाही, आणि दीड महिन्यात तो गळतो. वरच्या ४० मधून मध्येच सोडून गेलेल्या बारांतला एक हाच. त्याला रेकॉर्डिंग द्या, आणि रविवारी शंका सोडवायला माणूस बसवा. साठ जणांच्या बॅचमध्ये प्रत्येकाला आठवड्यातून पंधराच मिनिटं द्यायची म्हटली तरी पंधरा तास होतात. एवढे तास देणारा मेंटॉर पगारावर नसेल तर ‘वन ऑन वन मेंटॉरिंग’ लिहू नका.

निवडणाऱ्यांसाठी दोन चाचण्या. डेमोला गेल्यावर सरांना सांगा, कर्मचाऱ्यांच्या टेबलातून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढून दाखवा. हा घासून गुळगुळीत झालेला प्रश्न आहे, पण उपयोगी आहे. पगार उतरत्या क्रमाने लावून ‘लिमिट १ ऑफसेट १’ (पहिली ओळ सोडून पुढची एक) लिहिलं की उत्तर येतं. आता सांगा, पहिल्या क्रमांकाचा पगार दोघांना सारखाच आहे. ती क्वेरी पुन्हा पहिलाच पगार दाखवेल. चांगला शिक्षक इथे थांबेल, सारखे पगार एकदाच धरणारं ‘डिस्टिंक्ट’ घालेल, मग सारख्या पगारांना एकच क्रमांक देणाऱ्या ‘डेन्स रँक’कडे जाईल आणि तेवढ्यात वर्गाला काहीतरी शिकवून जाईल. पाठ करून आलेला म्हणेल, हे आपण पुढच्या मॉड्यूलमध्ये बघू.

दुसरी चाचणी गिटहबवर, म्हणजे जिथे कोड ठेवतात त्या संकेतस्थळावर. मागच्या बॅचच्या चार-पाच विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट मागा आणि कमिटची, म्हणजे कोडमध्ये वेळोवेळी केलेल्या बदलांच्या नोंदींची, यादी उघडा. स्वतः केलेल्या कामात दोन-तीन महिन्यांत पसरलेल्या बारीक नोंदी दिसतात: लॉगिन चालेना म्हणून बदल, तारीख उलटी दिसते म्हणून दुरुस्ती, मग तीच दुरुस्ती मागे घेतलेली. उचललेल्या प्रोजेक्टमध्ये एकच नोंद असते, ‘फर्स्ट कमिट’, एका फटक्यात दोनशे फायली. कोडच्या फोल्डरच्या नावात कधी कधी मागच्या बॅचच्या मुलीचं नाव तसंच राहिलेलं असतं, आणि डेटाबेसचा पासवर्ड सेटिंगच्या फाइलमध्ये उघडा पडलेला असतो. वीस बायोडाट्यांवर तेच शॉपिंग कार्ट पाहिलं की मुलाखत घेणारा तुमच्या क्लासचं नाव लक्षात ठेवतो, पण तुम्हाला हवं तशा अर्थाने नाही.

तिशीतल्या माणसाकडे जे आहे ते तुम्ही पुसून टाकायला लावता, याचं आम्हाला सगळ्यात वाईट वाटतं. ‘आधीचा अनुभव लिहू नका, फ्रेशर म्हणून अप्लाय करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मशीन शॉपमध्ये क्वालिटीला असलेल्याला रिजेक्शन, हीट नंबर (धातूच्या घाणाचा क्रमांक), ग्राहकाचं ऑडिट हे सगळं माहीत असतं. कारखान्यांसाठी ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवणाऱ्या टीमला असा माणूस शोधून सापडत नाही. पतसंस्थेतल्या क्लार्कला दिवसअखेर आणि मुदत ठेवींचं व्याज समजतं, त्याने बँकिंग सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगकडे जावं. मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये बिलिंग सांभाळणारीने हॉस्पिटल सॉफ्टवेअरकडे. प्रवेशाचं हे दार अरुंद आहे, पण तिथे पासिंग इयर दुय्यम ठरतं.

त्यामुळे प्रोजेक्टही त्याच्याच धंद्यातला द्या. आपल्याकडे साखर कारखान्यांना तोटा नाही. ऊस आल्यापासून बिलापर्यंतचा हिशेब घ्या. भरलेली ट्रॉली काट्यावर आली, नंतर रिकामी आली, वजाबाकी करून निव्वळ वजन. सोपं वाटतं ना? आता एकच पावती दोनदा नोंदली गेली तर? काटा बंद पडला आणि रिकाम्या ट्रॉलीचं वजन झालंच नाही तर? शेतकऱ्याने गट नंबर चुकीचा सांगितला आणि ऊस भावाच्या नावावर पडला तर? पहिली उचल आधी दिली आणि दर नंतर ठरला, तर फरकाचं बिल कसं काढायचं? हा प्रोजेक्ट पूर्ण केलेला माणूस मुलाखतीत वीस मिनिटं स्वतःहून बोलतो. शॉपिंग कार्टवाला दोन मिनिटांत संपतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. काही ठिकाणी जादा पैसे घेऊन ‘तीन वर्षांचा अनुभव’ तयार करून दिला जातो: अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा, फोन उचलणारा माणूस. कंपन्या पडताळणीत यूएएनवरून (पीएफच्या कायम क्रमांकावरून) पीएफची सर्व्हिस हिस्ट्री पाहतात, फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा उतारा) मागतात. जिथे पगार दाखवला तिथे पीएफ आणि टीडीएसचा माग नसेल, उलट त्याच काळात कुपवाडच्या कारखान्याची नोंद असेल, तर रुजू झाल्यानंतरही काढतात. बदनामी त्या माणसाची होते, पैसे मात्र तुमच्याकडे राहतात. तसंच मूळ गुणपत्रिका ठेवून घेणं बंद करा.

प्रवेश देण्याआधी त्याला दोन महिने घरी फुकट काय जमतं ते बघायला सांगा. हार्वर्डचा सीएस५० हा प्रोग्रॅमिंगचा ऑनलाइन कोर्स मोफत आहे. एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्सही मोफत असतात, परीक्षा द्यायची तरच १,००० रुपये. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास बसणं ज्याला जमलं, तो तुमच्याकडे टिकेल. ज्याला जमलं नाही, त्याचे लाखभर रुपये आणि तुमची टक्केवारी दोन्ही वाचतील.

येत्या जून-जुलैच्या बॅचआधी एक पानी पत्रक काढून ऑफिसात लावा आणि प्रत्येकाच्या हाती द्या. मागच्या दोन बॅचमध्ये प्रवेश किती, पूर्ण किती, पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत कोड, टेस्टिंग किंवा ईआरपीच्या पगारी नोकरीला किती, त्यांत पदवीला तीन वर्षांहून जास्त काळ झालेले किती, त्यांचा हातात येणारा पगार किती. शिक्षकाचं नाव. प्रत्यक्ष तास. जीएसटीसह फी. कर्ज असेल तर कंपनीचं नाव आणि वार्षिक दर. परतावा: पहिल्या दोन आठवड्यांत सोडलं तर नोंदणी शुल्क वगळून सगळे, त्यानंतर न झालेल्या तासांच्या प्रमाणात, आणि कर्ज असेल तर पैसे थेट कर्ज कंपनीला. त्याखाली तुमची सही आणि तारीख.

ज्यांच्या बॅच आता चालू आहेत आणि ज्यांत तिशीतले विद्यार्थी बसले आहेत, त्यांनी जूनपर्यंत थांबू नये. पात्रतेची यादी त्यांना याच आठवड्यात द्या, म्हणजे उरलेल्या महिन्यांत प्रोजेक्ट बदलायला त्यांना वेळ मिळेल.

आपले,
सांगली, मिरज आणि कराड भागातले, सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणारे आणि मुलाखती घेणारे काही जण